वापरात आहे

दुकानाचा माउस मार्चमध्ये मेला.
नवा आणीन आणीन म्हणत श्रावण संपला,
तोवर बोटांना काळ्या पडद्याची सवय झाली.
विंडोज तर त्याआधीच गेलं होतं:
घणसोलीतल्या प्रत्येक पेन ड्राइव्हने
आपापला व्हायरस आहेरासारखा आणून दिला होता.

हिराजी भोईर आले तेव्हा गेलेली लाइट नुकतीच परतली होती.
निळ्या नायलॉनच्या दोरीत ओवलेला पेन ड्राइव्ह,
जाळं विणायची ती दोरी, गाठही तीच.
"सगला कागद यातच टाक. उद्या बेलापूरला साहेब बघनार."
सत्तावीस कागद. काच पुसून पुसून एकेक चढवला.
सातबारा, फेरफार, नोटिशीची पाठपोट,
आणि रेशनकार्डाच्या मागे कुण्या पोराने काढलेली होडी.
हीपण टाकू का, विचारलं, तर म्हणाले, टाक.

शेवटचा कागद गेला न गेला
तोच त्यांचा हात खाचेकडे.
थांबा काका.
"दिसतंय ना गेलेला?"
दिसतंय, पण दिसणं म्हणजे पोचणं नव्हे.
अर्धं अजून वाटेत असतं.
मशीन आधी हो म्हणतं, काम मागून करतं,
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.

टाइप केलं: सिंक.
कर्सर गप्प. दिवा लुकलुकत राहिला.
काका स्टुलावर टेकले.
"उघारीसारका हाय," म्हणाले.
चौदाव्या वर्षापासून खाजणाची उघाडी सांभाळलेली त्यांनी,
भरती-ओहोटीच्या वेळा अजून तोंडपाठ.
"आतला पानी पुरा उतरल्याबिगर फली टाकाची नाय.
घाई केली का भात कुजतं."

दिवा थांबला. मग यूमाउंट.
अनमाउंट नव्हे. मधला न
कुणीतरी फार पूर्वी गाळला,
पुढे कुणी परत मागितला नाही.
एंटर.
टारगेट इज बिझी.
जागा वापरात आहे.

कोण वापरतंय? स्कॅनर बंद, फाइली मिटलेल्या.
आत कोण बसलंय ते विचारायचीही कमांड असते.
विचारलं. एकच ओळ आली,
एक नंबर, आणि नंबरापुढे
माझंच नाव.

नावं नीट पडली का बघायला
मघाशी त्यांच्या फोल्डरात शिरले होते
आणि अजून तिथेच होते.
आत उभी राहून बाहेरची कडी लावू बघत होते.

"कोन हाय?" काकांनी विचारलं.
मीच.
ते हसले नाहीत. गठ्ठ्यातल्या वरच्या कागदावर बोट ठेवलं,
सर्व्हे नंबर एकशे त्रेचाळीस, खाजण,
मग तेच बोट खाली, फरशीकडे.
सेक्टर नऊ, गाळा नंबर चार.
भाडं मी दर पाच तारखेला ऐरोलीच्या एका शेठना पाठवते.
बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडत होतं.

सीडी. नुसतं सीडी, पुढे काही नाही,
म्हणजे आपल्या घरी जा.
घर म्हणजे मशीनला ठाऊक असलेला एक पत्ता;
इस्लामपूरचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.
पुन्हा यूमाउंट.
या वेळी काही उत्तर नाही.
काम झालं की ही कमांड गप्प बसते,
बोलते ती अडली तरच.

पॉवर-ऑफ. दिवा विझला.
आता काढा, म्हटलं.
बिळातली चिंबोरी मागून धरावी
तसा त्यांनी दोन बोटांत धरून काढला,
तळव्यावर ठेवला, मूठ मिटली.
"गरम हाय गो," म्हणाले, "जिता हाय अजून."

सत्तावीसचे पैसे घेतले, होडीचे नाहीत.
ते गेल्यावर कोपरा पुसायला घेतला:
भिंतीच्या बुडाशी पांढरं मीठ फुटलं होतं.
दर सोमवारी पुसते.
दर सोमवारी असतं.