चोडणची फेरी

काल बालवाडीत बाईंनी सांगितलं,
पृथ्वी फिरते.

आज रायबंदरहून फेरी सुटली
आणि निहिरा जाळीला नाक लावून म्हणाली,
"चोडण येतंय."

"आपण जातोय गं."
तिनं वाकून चपला तपासल्या.
जागच्या जागी.
पोदेराची सायकल, निळ्या प्लास्टिकखालची पाटी,
तीही जागच्या जागी.

"म्हणून आपलं तिकीट नाही,"
ती म्हणाली,
"चालायचं काम बेट करतं."
गाडीवाल्यांचं काय, मी विचारलं.
"ते बेटाला जड होतात."

कांदळवन अगदी तोंडाशी आलं. फळी खडखडत पडली.
उतरल्या उतरल्या तिनं ओल्या सिमेंटवर हात ठेवला,
दमल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

उशीर झाला होता.
मी मागे पाहिलं.
रायबंदर
केवढं लांब गेलं होतं.