नव्वद दिवसांत चाळीस हजार

दाभोळकर कॉर्नरजवळ पंपावर
छत्रीखाली उभा असलेला हर्षद नावाचा पोरगा म्हणाला,
ताई, पहिलं वर्ष फुकट, वर दोन हजार बोनस,
फक्त नव्वद दिवसांत चाळीस हजार खर्च करायचे.
'फक्त' तो असा म्हणाला
जसं जिन्याखाली उभं राहून कुणी सांगतं,
फक्त चौथा मजला.

कार्ड आलं. नाव त्यावर उठलेलं,
अंधारात बोटानं वाचता येईल असं.
शाळेच्या दाखल्यानंतर
इतकं ठळक मला कुणी लिहिलं नव्हतं.

उद्यमनगरात मी बिलं करते, कास्टिंगची,
किलो आणि ग्रॅममध्ये.
पगार पुरत नाही, म्हणजे खर्च आहेच,
पण माझा खर्च सुट्टा आहे.
कपिलतीर्थात मेथीची जुडी, केएमटीचं तिकीट,
गंगावेशीत समोर पिळलेलं दूध.
कार्डाला यातलं काही दिसत नाही.

मग मी दुसऱ्यांचे खर्च मागत फिरले.
भिशीतल्या शकीलाचा मिक्सर.
वरच्या मजल्यावरचं लाईटबिल.
मालन मावशीच्या पोराच्या गाडीचे दोन टायर.
"ओढ की तुझं कार्ड," मावशी म्हणाली,
"मी देतो की रोख."
एका टायरचे दिले तिनं,
चहाच्या डब्यातल्या, चहाचाच वास आलेल्या नोटा.

गंगावेशीतला गवळी माप भरलं की
वर एक धार सोडतो.
इतकी वर्षं मला ती प्रेमाची वाटायची.
त्या आठवड्यात, डोक्यात नियम आणि अटी घोळत असताना,
विचारलंच त्याला, ही कशाबद्दल?
म्हशीच्या पोटाआडून म्हणाला,
"फेस बसतो खाली. तेवढं भरून द्याय नको?"

सत्त्याऐंशीव्या दिवशी बाराशे साठ कमी.
पापाच्या तिकटीला काचेचं दुकान, आत गारवा,
काउंटरवर ते मशीन.
आजवर मी चपला विकत घेतलेल्या नाहीत.
वर्तमानपत्रावर पाय ठेवायचा,
आण्णा कडेनं पेन्सिल फिरवायचे, गुदगुल्या व्हायच्या.

तिसऱ्या फळीवर एक जोड.
वेणी डावीकडे कललेली.
सगळ्या जवाहरनगरात डाव्या हातानं वेणी घालणारी
एकच बाई आहे,
आणि ती सकाळी माझा डबा भरते.

"प्युअर हँडमेड, मॅडम," दुकानदार म्हणाला.
तेराशे ऐंशी.
त्यातले घरी किती आले ते मला पाठ आहे,
ग्रॅमपर्यंत.
मशीननं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा कागद सोडला.

घरी आण्णांनी जोड उलटा केला,
तळावर नख ओढलं. "कितीला?"
म्हटलं, फुकट पडला. बोनसमधून.
बराच वेळ ते तळाकडेच बघत राहिले.
"फुकट कसा? दीड दिवस जातो एका जोडाला."

आईनं काहीच विचारलं नाही.
वेणीत बोट घातलं,
"हा पेड सैल राहिलाय माझा," म्हणाली,
आणि आरी घेऊन उजेडाला बसली.
सैल होता तिथं टाका घातला,
नव्हता तिथंही एक घातला.

बोनस आला पुढच्या महिन्यात,
मेसेजमध्ये फुगे उडत होते.
चपलांचा कॅशबॅक वेगळा, तेरा रुपये ऐंशी पैसे.
त्या दिवशी गंगावेशीत मी पातेलं जरा वेळ धरून ठेवलं,
फेस पुरता बसेपर्यंत.

टायरचे अठराशे अजून यायचेत.