सात फर्मे

हेमलता तांडेलचं बाड आलं तेव्हा
चारशे वीस पानं होती. सुरुवातीला नकाशा,
नकाशात अकरा राज्यं, मागे वंशावळ,
आणि वर लाल शाईत : भाग पहिला.

शिवडीच्या गोदामात कागद मोजत होतो मी.
म्हटलं, बाई, ग्रह छान आहे तुमचा,
पण माझ्याकडे कागद सातच फर्म्यांचा आहे.
खोटं बोललो. नऊ फर्म्यांचा होता.

ती ससून डॉकला बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
भांडली नाही. एवढंच विचारलं,
डोकं ठेवू की शेपूट?

पाच महिन्यांनी आली ती एकशे बारा पानं.
राज्यं गेली. राहिला एक धक्का,
दोन चंद्रांखाली कोरडाठाक,
आणि तीस वर्षांनी एकदाच येणाऱ्या समुद्रासाठी
रोज कंदील पुसणारी बाई.
राजांबद्दल एकच ओळ उरली होती :
‘राजे होते म्हणतात.’
अकरा राज्यांपेक्षा मला ती ओळ मोठी वाटली.

विक्रेते घेवारे तळहातावर तोलून म्हणाले,
हे पुस्तक की पंचांग?
कण्यावर नाव मावत नाही,
कपाटात दिसणार कसं?
लोकांना तीन खंड लागतात, सलग, जाडजूड.

लागतात. माझ्याही उशाशी आहेत पाच.
दुसऱ्या खंडात एक सैन्य पुलावर उभं आहे
दोन हजार बारापासून.
मी पान उलटलं नाही,
त्यांना बसा म्हणायलाही कुणी नाही.

हिची प्रुफं घेऊन मात्र जेट्टीवर बसलो.
ओहोटी लागली तेव्हा पहिलं पान,
आणि चिखल पुरता उघडा पडायच्या आत,
रोहित पक्षी अजून माना खाली घालून चरत असताना,
शेवटचं.
चहासुद्धा घेतला नाही मध्ये.

तिथूनच फोन केला.
विचारलं, अहो, पाणी आलं का शेवटी?
पलीकडे बर्फ फोडल्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
तुम्हीच म्हणालात ना सात फर्मे,
पाणी आठव्यात होतं.

पुस्तक निघालं. घेवाऱ्यांनी पन्नास प्रती नेल्या,
काउंटरवर ठेवल्या, सुट्ट्या पैशांशेजारी.
नंतर आणखी पन्नास मागवल्या, कारण न सांगता.

गोदामात दोन फर्म्यांचा कोरा कागद
तसाच पडून आहे, फळीवर, उंच, भिंतीपासून लांब.
दुसऱ्या कशाला वापरावासा वाटत नाही.
काल सहज हात लावला,
तर दमट लागला.