हजेरी

समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीवर आहे
आणि मी तो बादलीत कालवतो,
दर पाचव्या दिवशी, नळ आला की.
आधी पिण्याचं, मग धुण्याचं, मग समुद्राचं,
असा भूदेवीने क्रम लावून दिलाय.
मिठाचं पोतं कुरियरने येतं.
शेजारचा येमूल विचारतो,
लोणचं घालताय काय ओ जॉबर?

आठ मासे होते.
दोन केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे.
एक पिवळा, टॉवेलच्या काठाला आम्ही लावायचो तो पिवळा.
पाच निळे, स्वस्तातले, भांडकुदळ.
मुजावर म्हणाला होता, मेला तर दाखवा,
बदलून देतो.
पण मेलेला आधी दिसायला पाहिजे.

गड्ड्याची जत्रा उठली, सात झाले.
वर नाही, तळाला नाही,
फिल्टरच्या स्पंजात नाही.
शिवरात्रीला सहा.
भूदेवी म्हणाली, मांजर.
मांजराने झाकण काढलं, खाल्लं, झाकण लावलं?
नात म्हणाली, आजोबा, ते उजनीला गेले.
तेही बघून झालं, म्हणजे
मोरीच्या जाळीत हात घालून.

मग मी हजेरी मांडू लागलो.
कारखान्यातलीच वही, मागची पानं कोरी होती.
पुढच्या पानांवर चोवीस माग, बेचाळीस नावं,
शेवटी शेवटी नावांपुढे नुसत्या रेघा.
ती पानं मी उलटत नाही.

रात्री दीडला, टक्.
पंप नव्हे. पंपाची घरघर मला पाठ आहे.
काच नव्हे, काच तडकण्याआधी कण्हते.
तीस वर्षं मी कानाने माग दुरुस्त केले,
धोटा कुठे अडतो, पिकर कुठे झिजलाय,
डोळे मिटून सांगायचो.
हा ठोका लाकडाचा नव्हता.
अंगाचा होता, कुणाच्या तरी.

टॉर्चला लाल जिलेटीन बांधलं, पाट घेऊन बसलो.
वैशाख, भिंती रात्रीही भाजत होत्या,
टाकीत गोठवलेली बाटली तरंगत होती.
तिसऱ्या रात्री दगडाच्या भोकातून
आधी आले दोन डोळे, देठांवर,
एक माझ्याकडे, एक माशाकडे.
कोळंबीसारखा, पण कोळंबी नव्हे.
हिरवा, निळा, तांबूस, मुठी छातीशी धरलेल्या.
दगडातूनच आला असणार,
जो मी किलोच्या भावाने
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.
म्हणजे तो आधीचा. मासे नंतरचे.
सात महिने माझ्याच घरात, माझ्याच मिठात,
आणि वहीत त्याचं नाव नाही.

बाटलीचा गळा कापून उलटा बसवला,
आत सोड्याचा तुकडा. पहाटे तो आत होता,
प्लास्टिकला ठोसे मारत.
भूदेवी म्हणाली, चेचा.
मी शेंगाचटणीची मोठी बरणी सात वेळा धुतली.
तरी पहिल्या दिवशी त्याच्या समुद्रावर
तेलाचा तवंग आलाच.

सुटलो म्हणालो. वहीत चार.
रविवारी तीन.

कपाट ओढलं तेव्हा पिवळा सापडला,
जॅकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांमागे,
कडक भाकरीच्या तुकड्यासारखा वाळलेला.
त्याला कुणी मारलं नव्हतं.
होळीपासून झाकण मीच काढून ठेवलंय,
पाणी गार राहावं म्हणून.
मग बाकीचे चार कुणाच्या नावावर लिहू?
कपाट एकाच बाजूने हलतं.
दुसऱ्या बाजूला भिंत आहे.

आता बरणीतून येतो, दीडला, टक्.
तो आला की मला झोप लागते,
हे भूदेवीला सांगितलेलं नाही.
काल नवी ओळ आखली.
नावाच्या रकान्यात काय घालावं सुचेना,
शेवटी मिलमध्ये लिहायचो तसंच लिहिलं,
बदली.
पुढे, हजर.