खालच्या मजल्यावर

दोन अठ्ठावीसला वाजलं.
छातीवरची चिकटपट्टी सुटलेली.
योरिक टक्क जागा, मूठ चोखत
माझ्याकडे बघतोय,
जणू रात्री-अपरात्री बोंब मीच ठोकली.

दवाखान्याने वही दिलीय:
वेळ. बाळाचा रंग. तुम्ही काय केलंत.
रंग: गुलाबी.
काय केलं: धावले. करंगळी कपाटावर आपटली.
चौदा रात्रींत एकतीस वेळा गुलाबी.

हेनिंग ब्रेमरहाफेनच्या बंदरात, क्रेनवर, रात्रपाळीला.
म्हणतो, मागे येणारा प्रत्येक ट्रक तिथे हाच सूर लावतो
आणि हात आपोआप फोनकडे जातो.

भिंती पातळ. खाली ओल्टमान्सबाई, एकट्या.
झाडूच्या दांड्याने छत ठोकतील
या धास्तीने एकदा मी यंत्रावर उशी दाबायला निघाले,
आणि पाळण्याशी
उशी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

काल वाजलंच नाही.
मी आकडे बघत बसलेली,
एकशे चाळीस, एकशे अडतीस,
बाहेर वेझरवर धुकं, कुठल्यातरी जहाजाचा भोंगा.

साडेतीनला दारावर टकटक.
गाऊनवर कोट, पायांत दोन वेगळ्या चपला.
"आज वाजलं नाही," बाई म्हणाल्या,
"म्हटलं, बघून यावं."

चष्मा पुसून त्या वाकल्या.
पोट वर, खाली,
जरा थांबलं,
आम्ही दोघीही थांबलो,
मग वर.

वहीत लिहिलं: तीन चौतीस. गुलाबी.
काय केलं: चहा.