हात लावू नये

दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये
तीन रात्री जागून मांडली
घराघरांतून मागून आणलेली पितळी भांडी.
भिंत राखाडी. प्रकाश नेमका
कोरलेल्या नावांवर.
पाटी : हात लावू नये.

माणसं आली, गार हवेत फिरली,
वहीत 'छान' लिहून गेली.

मग प्रमिलाबाई खानविलकर
दोरी ओलांडून थेट आपल्या डब्यापाशी.
डबा फिरवला,
नाव भिंतीकडे.
"हा पोचा बघा. भूकंपात फडताळावरून पडला.
आत बेसनाचे लाडू होते,
रस्त्यावर बसून तेच खाल्ले, सगळ्या गल्लीनं."
चार माणसं थांबली. मग चौदा.
कुणी म्हणालं, आमची घागर तर...

पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला.
मी शिडी मागितली.

दिवा वीतभर सरकवला, पोच्यावर.
पाटी मात्र तशीच आहे;
ती कमिटीची.