इतिवृत्त

न्सांजे जिल्हा परिषदेच्या सभागृहात तीन पंखे आहेत,
त्यातला एक फिरतो.
पाहुणे त्याच्याखाली बसवायचे,
हे मला सांगावं लागत नाही.
अकरा वर्षं मी इथल्या सभांचं इतिवृत्त लिहितो.
'चर्चा झाली' हे माझं हातखंडा वाक्य.
'नोंद घेण्यात आली' हे त्याच्या खालोखाल.

आज संयुक्त आढावा.
तक्त्यात दोन रकाने:
सरकारने काय कबूल केलं होतं,
भागीदारांनी काय कबूल केलं होतं.
दोन्ही सारख्याच रुंदीचे.
रुंदीवरून मागच्या वर्षी अर्धा दिवस वाद झाला होता.

राग्नहिल्डबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
चाळीस हातपंपांपैकी सव्वीसांच्या पावत्या आहेत.
चौदांचं काय?

काम्वेन्डोसाहेब उठले.
हप्ता मार्चमध्ये देऊ म्हणालात,
आला डिसेंबरात.
तेव्हा शिरे नदी रस्त्यावर होती
आणि बोअरचा ट्रक ब्लांटायरला.
त्यात तुमची सात पथकं येऊन गेली,
प्रत्येकाला वेगळी गाडी, वेगळा अहवाल.
आमचा एकुलता एक अभियंता
पंप सोडून तक्तेच भरत बसला.

मान्य, बाई म्हणाल्या.
पण ट्रक उभा होता, तर डिझेल कुठे गेलं,
तेही येऊ द्या कागदावर.

साहेब बसले.
मी लिहिलं: चर्चा झाली.

मग मागच्या बाकावरून एनेलेसी उठली,
म्पोम्बेच्या पाणी समितीची खजिनदार.
तिचं नाव पुकारलं नव्हतं.
दुभाष्या चहाला गेलेला,
म्हणून तिचं सेना भाषेतलं बोलणं
माझ्याच तोंडून जायचं होतं.
चितेंजेच्या गाठीतून तिने वही काढली.
वहीला सुक्या मासळीचा वास.

"आधी माझं," ती म्हणाली.
"घरटी महिन्याला दोनशे क्वाचा जमतात.
ऑगस्टात मी पेटीतून नऊ हजार काढले.
पंपासाठी नाही.
बहिणीच्या पोरासाठी, फळ्या घ्यायला.
लांब फळ्या लागल्या नाहीत.
सहा हजार परत भरले, तीन राहिलेत.
दर रविवारी पंपापाशी उभी राहून सांगते
किती उरले ते.
पुढे वॉशर गेला, तेव्हा पेटीत कमी पडले.
सोळा दिवस आम्ही नदीवरून पाणी आणलं.
मगरी आहेत तिथे.
सोळातले माझ्यामुळे किती गेले,
तेही लिहिलंय. पाच."

वही तिने पाहुण्यांपुढे सरकवली नाही,
साहेबांपुढेही नाही.
टेबलाच्या मधोमध ठेवली,
प्लास्टिकच्या पाणीबाटल्यांना टेकवून.

"उरलेले अकरा कुणाचे, ते तुम्ही ठरवा."

दिवस की टक्के? राग्नहिल्डबाईंनी मला विचारलं.
दिवस, मी म्हणालो.

फिरणारा पंखासुद्धा जरा मोठ्याने वाजायला लागला.
काम्वेन्डोसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
"चार," ते म्हणाले,
आणि थोड्या वेळाने, कुणी काही न विचारता,
"पाच लिहा."
बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.
आमचा आकडा मला मुख्यालयाला विचारावा लागेल, म्हणाल्या.
मी भाषांतर केलं.
एनेलेसीने मान डोलावली:
"विचारा. त्याला किती दिवस लागतात,
तेही लिहून ठेवते."

चहा आला. बिस्किटं आली.
माझी टाक कागदावर तशीच टेकलेली,
शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

वॉशरसाठीचा तिचा अर्ज
शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर आला होता.
मी वर पेपरवेट ठेवला
आणि पुढच्या सोमवारी वर पाठवला.

हे कुणालाच माहीत नाही.
शिक्क्यावर तारीख पुसट आहे, तीही माझ्याच हातची.

'चर्चा झाली' खोडलं.
खाली लिहिलं: अकरापैकी पाच, जिल्हा.
भागीदार, जागा कोरी ठेवली आहे.
इतिवृत्त लिहिणारा, दोन.
मग आठवलं, शनिवारीही कचेरी
अर्धा दिवस उघडी असते.

तीन.